पंख घासल्याची नेमकी वेळ

एका विमानाचा पंख दुसऱ्या विमानाला घासला तर विमान कंपन्या त्याला ‘किरकोळ संपर्क’ म्हणतात. मी चितेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात एकोणतीस वर्षं नोकरी करतो आहे. आमच्याकडे मोटारीच्या इंजिनात जाणारे बारीक भाग बनतात. त्यातला एखादा केसाच्या जाडीइतका जरी चुकला तरी तो लाल पेटीत जातो. त्याला आम्ही किरकोळ म्हणत नाही, नापास म्हणतो. त्यामुळे मी बसलो होतो त्या विमानाच्या पंखाचं वर वळलेलं टोक मागच्या विमानाच्या शेपटीत शिरून चांगलं दीड वीत तुटलं, आणि आतल्या कर्मचारी मुलीने माइकवरून ‘किरकोळ’ हा शब्द तीन वेळा उच्चारला, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. एवढं सैल माप मला माझ्या धंद्यात एक दिवसही कुणी वापरू दिलं नसतं.

विमानतळ कोणता, ते लिहीत नाही. देशातल्या ज्या विमानतळावर विमानं जास्त आणि जागा कमी आहे, त्याचं नाव वाचकांनी आपल्या सोयीने घालावं. फारसं चुकणार नाही. आमच्या गावच्या विमानतळाचं मात्र घालू नये. तिथे विमानाला विमान घासायचं ठरवलं तरी आधी दुसरं विमान येईपर्यंत थांबावं लागेल.

मेहुणीच्या नव्या घराची वास्तुशांत आटोपून आम्ही दोघं परत निघालो होतो. रविवारची सकाळ. मला डावीकडची, पंखाच्या जरा मागची खिडकी मिळाली होती. मिळाली म्हणजे मी ती मागून घेतली होती. ज्या यंत्राच्या भरवशावर आपण एवढं वर जातो, त्याचा एखादा तरी भाग डोळ्यांसमोर असावा, असं मला वाटतं. बायको शेजारच्या खुर्चीवर. तिच्या मते मी लक्ष ठेवतो म्हणूनच पंख गळून पडत नाही.

प्रवासात माझ्या खिशात एक छोटी वही असते. तीत मी वेळा लिहितो. गाडी कधी सुटली, कुठे थांबली, कधी पोचली. वडील कचेरीत कारकून होते, ते आवकजावक लिहायचे. मी वेळा लिहितो. याचा आजवर कुणाला उपयोग झालेला नाही आणि तसा दावाही मी केलेला नाही. वेळा पाहायच्या त्या मनगटावरच्या घड्याळात. विमानात मोबाइल बंद करा म्हटलं की मी खरंच बंद करतो. आजूबाजूला पाहिलं तर असा माणूस बहुधा मी एकटाच असतो.

आता घड्याळाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या घरातलं एकही घड्याळ बरोबर नाही, आणि ते मुद्दाम. बैठकीतलं दहा मिनिटं पुढे, देवघराजवळचं पंधरा, स्वयंपाकघरातलं किती ते बायकोलाच ठाऊक. बऱ्याच घरांत असंच असतं. वेळेवर पोचायचं तर स्वतःला फसवल्याशिवाय आपल्या लोकांना जमत नाही. माझं मनगटी घड्याळ सात मिनिटं पुढे. ते मीच केलेलं. दर एक जानेवारीला ते मोबाइलशी जुळवायचं आणि मग सात मिनिटं पुढे सारायचं. कारखान्याची बस चुकू नये म्हणून ही तजवीज. वहीत लिहिताना मात्र सात वजा करून खरी वेळ लिहायची. वजा करायचं तुम्हाला ठाऊक आहे, तर मग पुढे ठेवून उपयोग काय, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं आहे. अशा लोकांशी मी वाद घालत नाही.

विमानाला स्वतःहून मागे जाता येत नाही. एक बुटका ट्रॅक्टर त्याला नाकाकडून ढकलतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही, कारण त्याच्यासमोर अख्खं विमान असतं. म्हणून पंखाच्या टोकाखाली एक माणूस पायी चालतो. त्याच्या दोन्ही हातांत दिव्याच्या केशरी दांड्या. दांड्या वर केल्या म्हणजे रस्ता मोकळा. दोन्हींची फुली केली म्हणजे थांब. आत वैमानिकापुढे पडद्यावर पडदे, बटणांवर बटणं, आणि मागे बघायला पायी चालणारा एक माणूस. आमच्या गल्लीत ट्रक मागे घेताना क्लीनर ‘आने दो, आने दो’ करतो, त्याहून ही पद्धत एवढ्याच बाबतीत पुढारलेली आहे की इथे ओरडायला परवानगी नाही.

तो माणूस मला खिडकीतून नीट दिसत होता. चाळिशी कधीच उलटलेली, पिवळं जाकीट, कानांवर आवाज अडवणारे डबे, भरघोस मिशा. मागच्या वाटेवर दुसरं एक विमान आपल्या पाळीची वाट बघत उभं होतं, असायला हवं त्यापेक्षा जरा आत. त्या माणसाने मागे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि दोन्ही दांड्या डोक्यावर नेऊन फुली केली. आमचं विमान मागे सरकतच राहिलं. मला सवय आहे, मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तो फुली तशीच धरून ट्रॅक्टरच्या दिशेने पळायला लागला. चार, पाच.

“अगं, हे लागणार,” मी म्हणालो.

“काय लागणार?” बायको म्हणाली. सहा, सात.

“पंख.”

आठ झाले आणि नवव्या सेकंदाला लागला.

आवाज फार नव्हता. ओट्यावरून पातेलं फरशीवर पडतं तेवढाच. विमान एकदा हललं आणि थांबलं. मी घड्याळ पाहिलं, अकरा पन्नास. सात वजा केले आणि वहीत लिहिलं: ‘अकरा त्रेचाळीसला फुली. त्यानंतर नऊ सेकंदांनी धक्का.’

मग विमान जागं झालं. शंभरेक मोबाइल खिडक्यांना चिकटले. तो माणूस धावत परत येऊन आमच्या पंखाखाली फुली धरून उभा होता. आता ती खाली घ्यायची की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तो तसाच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये गेला.

मागच्या रांगेतला एक गृहस्थ माझ्या खांद्यावर बोट टोचून म्हणाला, “काका, तुम्ही आधीच म्हणालात लागणार म्हणून. मी ऐकलं. तुम्हाला कसं कळलं?”

“बघत होतो.”

“कशात?”

“बाहेर.”

त्याला ते पटलं नाही.

बायको एव्हाना सावरली होती. “आमच्या औरंगपुऱ्यात रिक्षाला रिक्षा घासली,” ती म्हणाली, “तर निदान दोघं खाली उतरून एकमेकांची विचारपूस तरी करतात. ‘दिखता नै क्या रे, आँखां घर पे रख के आया?’ असं काहीतरी. इथे बघा, कुणी उतरायलाच तयार नाही.”

उतरलो आम्हीच, अर्ध्या तासाने, शिडीवरून. दुसरं विमान येईपर्यंत पाच तास लागले. त्या पाच तासांत कंपनीने माणशी एक सामोसा आणि पाच वेळा दिलगिरी दिली. दिलगिरी गरम होती.

मी काउंटरवर गेलो. तिथल्या तरुणाला म्हणालो, “मला लेखी द्यायचं आहे.”

“सर, तक्रार आपल्या वेबसाइटवर करा.”

“तक्रार नाही. साक्ष आहे.”

त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “साक्षीचा पर्याय नाहीये, सर.”

मी तिथेच उभा राहिलो. हटत नाही म्हटल्यावर, आणि माझ्यामागे आणखी चार जणांना साक्ष आठवायला लागल्यावर, त्यांनी मला मागच्या एका खोलीत नेऊन बसवलं. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, आणि एका खुर्चीवर तोच माणूस. जाकीट काढून मांडीवर ठेवलेलं, त्यावर दोन्ही दांड्या. फोनवर बोलत होता.

“न्हाई गं... म्या काट मारली व्हती. दोन्ही आडव्या केल्या व्हत्या... आता काय करतेत बघू. आबांना नको सांगू.”

फुलीला तो काट म्हणत होता, आणि बोलणं माझ्या कानाच्या सवयीचं होतं. त्याने फोन ठेवल्यावर मी विचारलं, “फुलंब्रीकडचे का तुम्ही?”

“व्हय. तुम्ही?”

“शहरातलाच.”

“मंग घरचेच की, भाऊसाहेब.” एवढ्यावर तो जरा सैल बसला. नऊ वर्षं झाली म्हणाला, इथं पंखाखाली चालतोय. ठेकेदाराचा माणूस. आजवर एक ओरखडा नाही. आता आतले लोक म्हणतात, इशारा उशिरा दिला. ट्रॅक्टरवाला म्हणतो, मला इशारा दिसलाच नाही.

“मग?”

“मंग काय. कुणाला तरी काढायचं, तर ठेकेदाराचा सोपा. पोरगी बारावीला हाय हो. गावाकडं दोन एकरात दोघं भाऊ आधीच हायेत. तिथंबी पार्किंगला जागा नाय.” असं म्हणून तो स्वतःच हसला, आणि मग दांड्यांकडे बघत बसला.

मी म्हणालो, “मी पाहिलंय. तुम्ही आधी फुली केली होती. वेळेसकट लिहून ठेवलंय.”

“वेळेसकट?”

“सेकंदासकट.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की तसं माझ्याकडे लग्नाच्या दिवशीही कुणी पाहिलं नव्हतं.

मी दोन पानी जबाब लिहिला. आकृती काढली. माझी खिडकी, पंख, माणूस, ट्रॅक्टर. फुलीची वेळ अकरा त्रेचाळीस, धक्का त्यानंतर नऊ सेकंदांनी. शेवटी तळटीप घातली: ‘माझे घड्याळ सात मिनिटे पुढे असून ती वजा करून वरील वेळा दिल्या आहेत.’ इतका चोख जबाब त्या खोलीत याआधी कुणी दिला नसावा, याबद्दल माझी खात्री होती. त्या माणसाने माझा नंबर घेतला, मी त्याचा. काउंटरवरच्या तरुणाने कागद घेऊन “थँक यू सर, व्हेरी हेल्पफुल” म्हटलं. ते खरं होतं, फक्त कुणासाठी ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी मी चहा घेत असताना त्याचा फोन आला.

“भाऊसाहेब, तुम्ही त्या कागदात काय लिहून दिलं वो?”

मी सांगितलं. पाठच होतं.

“तेच तर. विमानात यंत्र असतंय म्हणे. त्यात धक्का लागल्याची वेळ हाय अकरा अडतीस. तुमच्या कागदावर म्या काट मारल्याची वेळ अकरा त्रेचाळीस. म्हंजे धक्का बसल्यावर पाच मिनिटांनी म्या काट मारली, असं तुमच्याच सहीनं हाय म्हणतेत.”

“अहो, पण खाली लिहिलंय ना, नऊ सेकंदांनी धक्का लागला म्हणून!”

“ते म्हणतेत, यंत्र खोटं बोलत नाय, माणूस गडबडतो. प्याशिंजरनं नंतरची काट पायली.”

माझं मिनिट त्यांनी घेतलं आणि सेकंद परत केले. कॅमेऱ्याचं विचारलं, तर त्या जागेचा कॅमेरा त्या दिवशी देखभालीसाठी बंद होता. देखभाल केलेले कॅमेरे मला अजून पाहायचे आहेत. प्रवाशांचे मोबाइल होते, भरपूर होते. सगळ्यांत तो धक्क्यानंतर फुली धरून उभा. म्हणजे शंभर लोकांनी मिळून माझ्या अकरा त्रेचाळीसला दुजोरा दिला होता.

“तुमचा कागद नसता,” तो म्हणाला, “तर माझं म्हणणं तरी माझ्याकडं व्हतं. आता साक्षीदारबी त्यांचाच झाला. तवापासून कामावर घेतलं न्हाई, आन आता आठ दिवसांत खुलासा द्या, नाय तर कायमचं घरी बसा म्हणतेत.” तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो मला समजावत होता. “जाऊ द्या भाऊसाहेब, तुम्ही चांगल्यासाठीच केलं.”

फोन ठेवून मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो. बायको जेवणाच्या टेबलाशी गवार मोडत होती. तिला मी सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. विमान कंपनीच्या यंत्राचं, त्यांच्या घड्याळांचं, एकंदर देशातल्या मोजमापाचं. “मी कारखान्यात दर सहा महिन्यांनी तीनशे मापं तपासतो,” मी म्हणालो. “प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवतो, तपासलं म्हणून. आणि हे मला वेळ शिकवतात! सात मिनिटं वजा करून लिहिलंय मी. कुणी करतं का एवढं?”

गवार मोडायची थांबली.

“फरक किती मिनिटांचा म्हणालात?” तिने विचारलं.

“पाच.”

“बरोबर पाच?”

“बरोबर पाच.”

तिने शेंग खाली ठेवली. “अहो, सात तुम्ही करता. पाच मी केलेत.”

मला कळायला थोडा वेळ लागला. किती, ते मोजलं नाही.

“कधी?”

“वास्तुशांतीच्या आधी महिनाभर. एका आठवड्यात दोनदा बस चुकली होती तुमची, आठवतंय? दोन्ही वेळा रिक्षा करून चितेगाव गाठलं. तुम्ही आंघोळीला गेल्यावर केलं.”

“मला सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर बारा वजा केले असते.”

 

मी मोबाइल उचलून घड्याळाशेजारी धरला. बारा मिनिटं. कारखान्यातल्या मापांना सहा महिन्यांची मुदत देणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनगटाला वर्षाची मुदत दिली होती, आणि तीही घरातल्या माणसांवर विसंबून. कामावर मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो पिशवीत पडून असतो. मनगटावरच्या वेळेवर शंका घ्यायचं मला काही कारण नव्हतं. कारण नव्हतं असं मी म्हणतो, पण एक होतं. गेले दोन महिने कारखान्याची बस रोज पाच मिनिटं उशिरा येत होती.

बस सात दहाची. मी वजाबाकी करून सात दहाला थांब्यावर, आणि बस सात पंधराला. रोज. एक-दोन दिवस मी सोडून दिलं. मग वाहतूक विभागाला लेखी तक्रार केली, तारीखवार वेळा देऊन. पंधरा दिवसांनी दुसरी. विमानप्रवासावरून परतल्यावर तिसरी, जरा कडक भाषेत, ‘चालकास वेळेचे गांभीर्य नसावे’ असं काहीसं. ड्रायव्हर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. मला वाटत होतं, अपराधी भावनेने.

रात्रभर मला एकच गोष्ट दिसत होती. आपण चुकलो हे लिहून देणं सोपं; पण लिहून दिल्यावर ते म्हणणार, आता सांगताय! घड्याळ त्या दिवशी नक्की पाचच मिनिटं जास्त पुढे होतं, याला पुरावा काय? बायकोचा शब्द? तो घरात चालतो.

आणि पुरावा तर कारखान्यात फाइलला लागला होता. माझ्याच हातचा, तीन तक्रारींत.

दुसऱ्या दिवशी मी वाहतूक विभागाच्या प्रमुखाकडे गेलो. गडी पैठण तालुक्यातला, घरची शेती सांभाळून नोकरी करणारा, आणि माझ्या तीन पत्रांना त्याने एकदाही उत्तर दिलेलं नव्हतं.

“या, या. चौथी आणली का?” तो म्हणाला.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. पंख, माणूस, फुली, बायको. तो खुर्चीत हळूहळू मागे रेलत गेला. शेवटी म्हणाला, “म्हंजे बस टायमावर व्हती.”

“होती.”

“ड्रायव्हर टायमावर व्हता.”

“होता.”

“आन तुम्ही?”

“मी पाच मिनिटं लवकर येत होतो.”

“लई भारी.” त्याने दार उघडून बाहेर हाक मारली, “अरे, त्याला बोलवा रे, सात दहाच्या गाडीवाल्याला! साहेबांना काहीतरी सांगायचंय.”

मी ड्रायव्हरसमोर ते सगळं पुन्हा सांगितलं. मग कारकुनासमोर, कारण टाइप त्याला करायचं होतं. ड्रायव्हरने शेवटी एकच विचारलं, “मंग साहेब, ते गांभीर्य का काय लिहिलं व्हतं, ते आता कुणाला?” बसवर जागा दाखवणारं यंत्र असतं, त्यातल्या नोंदी प्रमुखाने काढून दिल्या. माझ्या तक्रारीतला प्रत्येक दिवस, माझी वेळ आणि यंत्राची वेळ. सव्वीस दिवस, आणि प्रत्येक दिवशी फरक पाच मिनिटांचा. विमानप्रवासाच्या आधीचेही दिवस होते, नंतरचेही. एखाद्या मापाची इतकी चांगली तपासणी आमच्या विभागातही क्वचित होते. पत्र प्रमुखाने स्वतः सांगून लिहून घेतलं: ‘सदर कर्मचारी यांचे घड्याळ चुकीचे असून बस नेहमी वेळेवर होती, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे.’ विमानाचा त्यात उल्लेख नव्हता. मी तो घालायला सांगितला, तर म्हणाला, “ते तुम्ही घाला. आमच्यासाठी एवढं पुरे.” एक प्रत त्याने सूचनाफलकासाठी ठेवून घेतली.

बायकोने आपला जबाब स्वतः लिहिला. मी सुधारणा सुचवल्या, त्या तिने घेतल्या नाहीत. त्यात ‘नाइलाजास्तव’ हा शब्द दोनदा होता. दोन्ही कागद मी सहाव्या दिवशी पाठवले, आणि त्याच दिवशी त्या माणसाला फोन करून सांगितलं, की चूक माझ्या घड्याळाची होती, आणि ते बायकोने पुढे केलं होतं.

मग तो म्हणाला, “वैनींना नमस्कार सांगा.”

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने आम्हा दोघांना व्हिडिओवर बोलावलं. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो, मोबाइल डब्याला टेकवून. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नोंदींचा तक्ता हाताशी ठेवला होता. त्याने मला फारसं विचारलं नाही. माझा तक्ता वाचून झाला असावा, किंवा माझी कीर्ती पोचली असावी.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही घड्याळ पाचच मिनिटं पुढे केलंत, याची खात्री आहे? सहा नाही?”

“पाच,” बायको म्हणाली. “सहा केले असते तर यांच्या लक्षात आलं असतं.”

“का बरं?”

“बस सहा मिनिटं उशिरा आली की हे थेट मॅनेजरकडे जातात.”

त्याने मान खाली घातली. लिहीत असावा. मग मला म्हणाला, “म्हणजे तुमची फुलीची वेळ अकरा त्रेचाळीस नव्हे, अकरा अडतीस. धक्काही अकरा अडतीसचा. आणि मधले नऊ सेकंद?”

“ते मी तोंडाने मोजले. त्याला घड्याळ लागलं नाही.”

“घरात कुणी ते नऊ पुढे-मागे केलेले नाहीत ना?”

“माझ्या तोंडाला हिने हात लावलेला नाही,” मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

निकाल यायला आणखी महिना गेला. अहवालाची प्रत आम्हाला कुणी पाठवली नाही. त्या माणसानेच फोनवर वाचून दाखवली, अडखळत, कारण ती इंग्रजीत होती. त्यात म्हटलं होतं, की इशारा वेळेत दिला गेला होता. दोष कोणाचा, तर समन्वयाच्या अभावाचा. समन्वयाला घर नाही, बारावीतली मुलगी नाही, त्याला कामावरून काढलं तरी कुणाचं बिघडत नाही. इतका सोयीचा गुन्हेगार मी दुसरा पाहिलेला नाही. धक्का शेवटपर्यंत किरकोळच राहिला.

“घेतलं का पण तुम्हाला परत?”

“घेतलं. सोमवारपासून पंखाखालीच हाय.”

मी म्हणालो, चांगलं झालं. माझ्यामुळे त्याचे दोन महिने गेले होते, आणि माझ्यामुळेच त्याचं काम परत मिळालं, असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

“एक सांगू का, भाऊसाहेब?” तो म्हणाला. “आता मला एक खोड लागली. काट मारायच्या आधी म्या एकदा खिडक्यांकडं बघतो. वर. कुणी बघतंय का म्हणून.”

“मग?”

“समदे मोबाइलात.”

“अहो, एका बाजूला तीसेक खिडक्या असतात,” मी म्हणालो. “एखादा तरी बघत असेल.”

“न्हाई,” तो म्हणाला. “मोजल्यात म्या.”